लडाखचे जुने टोपोग्राफिक नकाशे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लडाख म्हणजे शीत वाळवंट. पाऊस जवळजवळ नाही, झाडं नदीकाठापुरती, आणि उंची तीन हजार मीटरच्या खाली क्वचितच. या मुलुखाचे जुने नकाशे मी काही वर्षं उलगडून बघतो आहे, आणि लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. ज्याला फक्त टोपोशीटचा, म्हणजे नकाशाच्या एका पानाचा, नंबर काढायचा आहे त्याने मधलं सगळं सोडून थेट त्या प्रश्नाकडे जावं, मला राग नाही.

‘जुने नकाशे’ म्हणजे नेमके कोणते?

मुख्यतः काश्मीर सर्वेक्षणातून निघालेले. हे काम १८५५ मध्ये सुरू झालं आणि साधारण दहा वर्षं चाललं. प्रमुख होता टॉमस जॉर्ज माँटगोमेरी, बंगाल इंजिनिअर्सचा अधिकारी. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ ज्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला, त्याचंच हे उत्तरेकडचं टोक. यातून इंचाला चार मैल या प्रमाणाची पानं तयार झाली. विसाव्या शतकात नव्या मालिका आल्या, त्यांच्याविषयी पुढे येईलच.

त्याआधी काहीच नव्हतं का?

होतं, पण ते वाटांचे नकाशे होते. विल्यम मूरक्रॉफ्ट आणि जॉर्ज ट्रेबेक १८२० साली लेहला पोचले. ट्रेबेक वाटेने पावलं मोजत आणि दिशा टिपत गेला. १८४७ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम, हेन्री स्ट्रॅची आणि टॉमस थॉमसन या तिघांना सीमेच्या कामासाठी पाठवलं गेलं, त्यातून बरंच चांगलं साहित्य निघालं. पण वाटेवरून दिसलं तेवढंच कागदावर आलं. डोंगरापलीकडे काय आहे ते एकतर कोरं, नाहीतर ऐकीव.

इतक्या उंच आणि निर्जन मुलुखात मोजणी कशी केली?

दोन थरांत. हे दोन थर एकदा डोक्यात बसले की जुन्या नकाशाचं निम्मं कोडं सुटतं.

पहिला थर त्रिकोणांचा. दोन ठिकाणांमधलं अंतर माहीत असेल तर तिसरं ठिकाण फक्त कोन मोजून सापडतं. मग त्या नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण. यासाठी थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, शिखरावर चढवावा लागे, दगड रचून ओटा बांधावा लागे आणि समोरच्या शिखरावरून कुणीतरी आरशाने ऊन परतवेपर्यंत वाट बघावी लागे. हा आरसा म्हणजे हेलिओट्रोप. ढग आला की दिवस फुकट. समोरचा माणूस तिकडे कुडकुडत बसलेला, इकडचा इकडे.

दुसरा थर प्लेन टेबलचा. तिपाईवर लाकडी पाट, त्यावर ताणून बसवलेला कागद. कागदावर त्रिकोणांमधून आलेली शिखरं आधीच ठिपक्यांनी मांडलेली. सर्वेक्षक एखाद्या खांद्यावर चढतो, पाट समपातळीत करतो आणि दर्शकपट्टी एका ठिपक्याला टेकवून तेच शिखर नजरेत येईपर्यंत पाट फिरवतो. पाट पक्का केला की नदीचं वळण, गोंपा, खिंड अशा प्रत्येक गोष्टीकडे एकेक रेघ ओढतो. पुढच्या ठिकाणाहून पुन्हा रेघा. दोन रेघा जिथे छेदतात तिथे ती गोष्ट. उरलेलं, म्हणजे ओढे, उतार, कडे, समोर बघत हाताने भरायचं. नकाशा तंबूत नाही, तिथेच वाऱ्यात उभं राहून तयार होतो.

म्हणून एकाच पानावर सगळं सारखं विश्वासाचं नसतं. त्रिकोणातलं शिखर पक्कं, प्लेन टेबलवरून दोन बाजूंनी पाहिलेली खिंड बरी, आणि ज्या दरीत कुणी उतरलंच नाही ती दरी अंदाजाची. छपाईत मात्र तिन्ही रेघा सारख्याच काळ्या दिसतात. जुना नकाशा वाचायचा म्हणजे कुठली रेघ मोजलेली, कुठली पाहिलेली आणि कुठली ऐकलेली, हे ओळखत जायचं.

तिथल्या वाळवंटाने मदतही केली. हवेत बाष्प आणि धूळ कमी, त्यामुळे दोनशे किलोमीटरवरचं शिखरही रेखीव दिसतं. झाडी नाही, म्हणून दृष्टीच्या आड काही येत नाही. तराईच्या जंगलात काम केलेल्या सर्वेक्षकांना हे सुख नव्हतं.

के-टूची उंची दोनशे किलोमीटरवरून कशी काढली? थापच वाटते.

थाप नाही. १८५६ मध्ये माँटगोमेरी काश्मीरमधल्या हरमुखवर सुमारे १६,००० फुटांवर होता. तिथून काराकोरममधली दोन ठळक शिखरं दिसली. त्याने वहीत त्यांची बाह्यरेषा काढली आणि के-१, के-२ असे क्रमांक दिले. के म्हणजे काराकोरम, बाकी काही नाही.

गंमत आकड्यांत आहे. हरमुख ते के-टू अंतर सुमारे २२० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या अंतरावरची वस्तू जवळजवळ ३.८ किलोमीटर खाली ‘बुडते’. के-टू हरमुखवरच्या त्या जागेपेक्षा सुमारे ३.७ किलोमीटर उंच. म्हणजे वजाबाकी जवळजवळ शून्य! जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर थिओडोलाइटच्या दुर्बिणीत जेमतेम नजरेच्या पातळीवर दिसतं. त्यात हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे शिखर आहे त्यापेक्षा काहीशे मीटर वर दिसतं. हे अपवर्तन दर तासाला बदलतं, आणि विरळ हवेत मैदानातला गुणक लावून चालत नाही. तो किंचित चुकला तरी उत्तरात पन्नास-साठ मीटरचा फरक पडतो. म्हणून एकाच ठिकाणाहून काढलेल्या उंचीवर कुणी विसंबत नसे. अनेक ठिकाणांहून कोन घेऊन सरासरी काढली जाई. सुरुवातीला २८,२८७ फूट आलं, पुढे २८,२५० स्थिरावलं. आजचा ८,६११ मीटर हा आकडा म्हणजे तेच फूट मीटरमध्ये.

थिओडोलाइट समपातळीत कसा ठेवत? डोंगर ओळंबा ओढत नाहीत का?

ओढतात, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला माझा नमस्कार. कलियाना आणि कलियानपूर या दोन ठिकाणांमधलं अंतर त्रिकोणांनी आणि ताऱ्यांवरून वेगवेगळं आलं. फरक ५.२३६ सेकंदांचा (हे सेकंद कोनाचे, वेळेचे नव्हेत). कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानावरून ओळंब्याचा कल काढला तर तो १५.८८५ सेकंद भरला. म्हणजे डोंगर जेवढे ओढायला हवेत त्याच्या एक तृतीयांशच ओढत होते! डोंगरांच्या मुळाशी हलका खडक खोलवर गेलेला असतो, ही कल्पना १८५५ च्या सुमारास याच कोड्यातून पुढे आली. नकाशा काढायला गेले आणि भूशास्त्र घेऊन आले.

शिखरांवर खरंच कोण चढलं?

बहुतेक वेळा खलाशी. सर्वेक्षण विभागात सामान वाहणारा, खुणेचा खांब रोवणारा, आरसा धरणारा माणूस म्हणजे खलाशी, समुद्राशी संबंध नाही. १८६० मध्ये स्पितीतल्या शिला शिखरावर एका खलाशाने खांब रोवला. शिखराची उंची तेव्हा २३,०५० फूट धरली होती, त्यामुळे कित्येक वर्षं तो चढाईचा विक्रम मानला गेला. नंतरच्या मोजणीत शिखर २०,०५० फुटांचं निघालं. विक्रम गेला. पण मला वाटतं, गिर्यारोहणाचे बूट, दोर, काही नसताना खांद्यावर खांब घेऊन वीस हजार फूट चढणं हे पुरेसं आहे. नकाशावर अधिकाऱ्यांची नावं छापली आहेत, त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही.

सीमेपलीकडचा भाग कसा भरला? तिकडे तर गोऱ्यांना बंदी होती.

माँटगोमेरीच्या लक्षात आलं की लडाख आणि मध्य आशियातलं यारकंद यांच्यात हिंदुस्थानी लोक बिनदिक्कत ये-जा करतात. मग त्याने मुन्शी महंमद-ए-हमीद याला शिकवून १८६३ मध्ये लेहहून यारकंदला पाठवलं. हमीद काम करून परतीच्या वाटेवर वारला. त्याचे कागद विल्यम जॉन्सन या सर्वेक्षकाने मिळवले, त्यामुळे मोजणी वाचली.

सगळ्यांत मोठं नाव नैनसिंह रावतचं. कुमाऊँतल्या जोहार खोऱ्यातलं मिलम हे त्याचं गाव. त्याला डेहराडूनला शिकवण मिळाली. जपमाळेत १०८ मणी असतात, याच्या माळेत १००. दर शंभर पावलांना एक मणी, म्हणजे पूर्ण माळ झाली की दहा हजार पावलं, साधारण पाच मैल. पाऊल साडेएकतीस इंचांचं पडावं म्हणून सराव केलेला. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. जुलै १८७४ मध्ये तो लेहहून निघाला, मेंढ्यांच्या पाठीवर सामान लादून पँगाँगच्या उत्तरेने चांगथांगच्या पठारावर चढला आणि नोव्हेंबरमध्ये ल्हासाला पोचला. तिथून तवांगमार्गे आसामात उतरला. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये सुवर्णपदक दिलं.

उंची काढायला त्याच्याकडे पाणी उकळण्याचा थर्मामीटर होता. उंच गेलं की पाणी कमी तापमानाला उकळतं. लेहला साधारण ८८ अंश सेल्सिअसला. ढोबळमानाने एक अंश फॅरनहाइटला साडेपाचशे फूट. अर्धा अंश वाचायला चुकला की पावणेतीनशे फूट गेले. त्यामुळे अशा वाटांवरच्या उंच्या शेकड्यांत वाचाव्यात, एककाच्या आकड्याला भुलू नये.

नकाशावर ठळक नाव आहे, पण तिथे गावच नाही. नकाशा चुकलाय?

नाही. या मुलुखात नाव म्हणजे गाव नव्हे. काफिल्याला मुक्कामाला पाणी आणि सरपण जिथे मिळतं, त्या जागेला नाव. देपसांगच्या वाटेवरचं ‘बुर्त्से’ हे बुर्त्से नावाच्या खुरट्या झुडपावरून, जे जाळायला चालतं. सरपण होतं म्हणून नाव पडलं आणि नाव होतं म्हणून नकाशावर आलं. दौलत बेग ओल्डीचा तुर्कीतला अर्थ ‘दौलत बेग मेला ती जागा’. घर एकही नाही, पण काफिल्याच्या आठवणीतला टप्पा आहे.

शब्द ओळखीचे करून घ्या, मग नकाशा बोलायला लागतो. ला म्हणजे खिंड, त्सो म्हणजे तलाव, चू म्हणजे पाणी किंवा नदी, री म्हणजे डोंगर, कांगरी हिमशिखर, लुंगपा दरी, थांग सपाट मैदान. आपण ‘खारदुंग ला पास’ म्हणतो ते ‘खारदुंग खिंड खिंड’ झालं. मीही म्हणतो, सवय जात नाही.

वाटांबाबतही असंच. काही नकाशांवर काराकोरम खिंडीकडे जाणाऱ्या दोन वाटा दिसतात. जमिस्तानी म्हणजे हिवाळी, श्योक नदीच्या पात्रातून, पाणी कमी असताना. ताबिस्तानी म्हणजे उन्हाळी, खिंडी ओलांडत. एकाच वेळी दोन्ही चालू असतील असं समजू नका. त्यात वरच्या श्योकमध्ये हिमनदी नदीला आडवी येऊन तळं साठवायची आणि ते फुटलं की खालचं पात्र बदलून जायचं. १९२९ चा मोठा पूर असाच आला होता.

समोच्च रेषांवर विश्वास ठेवावा का?

समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. एकोणिसाव्या शतकातल्या पानांवर त्या नसतातच. उतार दाखवायला बारीक रेघोट्या असतात, जिथे दाट तिथे चढ. चित्र म्हणून सुंदर, मोजायला निरुपयोगी. विसाव्या शतकातल्या रंगीत नकाशांवर रेषा येतात, पण दुर्गम भागात तुटक रेघेने काढलेल्या रेषा म्हणजे ‘आकाररेषा’. त्या डोळ्यांनी अंदाज घेऊन काढलेल्या असतात. अखंड रेषा आणि तुटक रेषा यातला फरक भिंगाने बघा.

प्रमाणही ध्यानात घ्या. इंचाला चार मैल म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचे अडीचशे मीटर. पाव मिलिमीटरच्या रेघेची नुसती जाडीच साठ मीटर भरते.

मग सियाचेनसारख्या हिमनद्या नीट कधी मापल्या?

उशिरा. १९०९ मध्ये टॉम लाँगस्टाफ साल्तोरोकडून खिंड ओलांडून वर आला तेव्हा कळलं की सियाचेन समजली जात होती त्याहून कितीतरी लांब आहे. १९११-१२ मध्ये फॅनी बुलक वर्कमन यांच्या मोहिमेत ग्रँट पीटरकिनने तिचा नकाशा केला. कॅमेऱ्याने मोजणी करण्याची पद्धत याच सुमारास इथे आली. १९०९ मध्ये अब्रुझीच्या ड्यूकच्या मोहिमेने बाल्तोरो हिमनदीसाठी ती वापरली, १९१३-१४ मध्ये दे फिलिप्पींच्या मोहिमेने रिमो हिमनदीच्या परिसरात. केनेथ मेसन १९२६ मध्ये शक्सगामकडे फोटोथिओडोलाइट घेऊन गेला, अफराज गुल खान त्याच्यासोबत होता. छायाचित्रांतून घरी बसून रेषा काढता येत, म्हणून थंडीत पाटापुढे उभं राहण्याचे तास वाचले.

जुना नकाशा गूगल अर्थवर बसवला तर सगळं चार किलोमीटर सरकतं. मी काय चुकवलं?

बहुधा काहीच नाही. यावर मी स्वतः दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. पँगाँगचा काठ डोंगरावर चढत होता आणि मी नद्यांचे संगम जुळवत बसलो होतो, जे कधीच जुळणार नव्हते.

जुन्या पानांवरची रेखावृत्तं मद्रास वेधशाळेच्या तेव्हा मानलेल्या रेखांशावर टेकलेली आहेत. तो आकडा पुढे सुधारला गेला. दुरुस्ती सुमारे अडीच मिनिटांची, लडाखच्या अक्षांशावर ती जवळजवळ पावणेचार किलोमीटर भरते, पूर्व-पश्चिम दिशेत. काही पानांच्या कडेला बारीक अक्षरांत ही दुरुस्ती छापलेली असते. आधी कडा वाचा, मग संगणक उघडा.

हे सुधारल्यावरही शे-दीडशे मीटरचा फरक उरतो. तो एव्हरेस्टच्या लंबगोलामुळे. जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेला पृथ्वीचा आकार आणि आजच्या जीपीएसचा आकार एक नाही. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत नकाशा बसवताना एव्हरेस्टवर आधारलेली पद्धत निवडा, नियंत्रणबिंदू म्हणून अक्षांश-रेखांशांच्या जाळीचे छेद घ्या, आणि तपासायला त्रिकोणातली शिखरं वापरा. नदी, पायवाट, तलावाचा काठ यांना बिंदू करू नका.

टोपोशीटचा नंबर कसा काढायचा?

सर्वांत वरचं पान चार अंश बाय चार अंशांचं. लडाखचा बराच भाग पान ५२ मध्ये येतो, म्हणजे ३२ ते ३६ उत्तर, ७६ ते ८० पूर्व. त्याचे एक-एक अंशाचे सोळा तुकडे, ए ते पी. मोजणी वायव्येच्या कोपऱ्यातून सुरू होते आणि वरून खाली उतरते, मग पुढच्या स्तंभात पुन्हा वरून. इथेच सगळे चुकतात, कारण आपल्याला डावीकडून उजवीकडे वाचायची सवय.

लेह घ्या, साधारण ३४ अंश १० मिनिटं उत्तर, ७७ अंश ३५ मिनिटं पूर्व. पहिला स्तंभ ७६-७७ : ए, बी, सी, डी. दुसरा ७७-७८ : ई (३५-३६), एफ (३४-३५). लेह एफमध्ये. आता एफचे पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, तशीच मोजणी. ३५ मिनिटं तिसऱ्या स्तंभात पडतात, तिथे ९ ते १२. १० मिनिटं सर्वांत खालच्या ओळीत. म्हणून ५२ एफ/१२.

खारदुंग लाच्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलं होतं. जुने नकाशे खोटे की पाटी?

पाटी. जीपीएसने ही खिंड सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फुटांच्या आसपास येते. त्या पाटीपुढे काढलेल्या फोटोंना त्याने काही बिघडत नाही.

जॉन्सनच्या नकाशावरची सीमारेषा खरी मानायची का?

सीमेच्या वादात मी इथे पडत नाही. नकाशापुरतं सांगतो. जॉन्सन १८६५ मध्ये लेहहून खोतानला गेला, वाटेत अक्साई चिन ओलांडला. सर्वेक्षक म्हणून तो कणखर, २०,००० फुटांच्या आसपास त्याने ठाणी केली होती. पण हा प्रवास घाईचा होता आणि त्या पठारावरचं प्लेन टेबलचं काम विरळ आहे. रेषा कुठे काढायची हा राजकारणाचा भाग, तिच्या खालची जमीन किती मोजली होती हा सर्वेक्षणाचा. दोन्ही वेगळे ठेवा. आणि स्वतः नकाशा छापणार असाल तर भारताची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखवावी लागते.

जुन्या नकाशांवरून हिमनद्या, तलाव किती आटले ते सांगता येईल?

तलावांबाबत थोडंफार, हिमनद्यांबाबत फार जपून. नकाशावर हिमनदीचं टोक जिथे दिसतं तिथपर्यंत सर्वेक्षक गेला होता का, हे आधी विचारा. दगडगोट्यांनी झाकलेला बर्फ लांबून जमिनीसारखाच दिसतो. दोन नकाशांतला फरक हा बऱ्याचदा दोन सर्वेक्षकांमधला फरक असतो. अमेरिकेच्या ‘कोरोना’ या हेरगिरी उपग्रहांची १९६० ते १९७२ मधली छायाचित्रं १९९५ पासून खुली आहेत, तुलना करायची तर तिथून सुरुवात करावी.

हे नकाशे बघायला कुठे मिळतात?

अमेरिकी लष्करी नकाशा विभागाची यू-५०२ ही अडीच लाखांत एक प्रमाणाची मालिका ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवली आहे, फुकट उतरवता येते. सोव्हिएत लष्कराचे नकाशेही जालावर सापडतात, रशियन लिपी वाचायला दोन दिवस लागतील, पण उतार फार छान दिसतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या २००५ च्या धोरणानुसार दोन मालिका झाल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि एक सर्वांसाठी खुली. सीमाभागातली पानं मात्र सहज हाती येत नाहीत, अर्ज करण्याआधी चौकशी करा.

यू-५०२ पासून सुरुवात करायची तर आधी पानाच्या तळाशी छापलेला विश्वासार्हतेचा छोटा चौकोन शोधा. कुठला भाग कुठल्या साधनांवरून काढला ते त्यात दाखवलेलं असतं, आणि बहुतेक लोक पान कापून फ्रेम करताना नेमका तोच तुकडा फेकून देतात.